मालट्रकच्या कॅबिनमधून हिमालय : मनाली ते लेह

(लेखांक दुसरा)

अमृतसरजवळच्या अटारीपासून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ३ मनालीनंतर ज्या उंचीवर चढतो, ती उंची पाहायला देशभरातून लोक येतात; पण त्यांच्या वर्णनांत मालट्रक आलाच तर वाट अडवणारे वाहन म्हणून येतो. वस्तुतः हा रस्ता सैन्यासाठी आणि मालासाठी आहे. लडाखच्या हिवाळ्याला पुरणारे धान्य, सिमेंट, लोखंड आणि गॅसचे सिलिंडर उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत एक तर श्रीनगरकडून चढतात, नाही तर या वाटेने. म्हणून ओझे वाहणाऱ्या वाहनाच्या गतीनेच हा रस्ता पाहणे अधिक न्याय्य ठरते. मागील लेखांकात मंडी ते मनाली हा टप्पा आला होता. प्रस्तुत लेखांकात सिमेंटची पोती भरलेल्या दहा चाकी ट्रकची सप्टेंबर महिन्यातील पुढची वाटचाल नोंदवली आहे.

पहिला दिवस : मनाली ते जिस्पा

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्याहूनही घाटाचा हा पायथा चारशे मीटरने वर आहे. ट्रक पहाटेच निघतो. सोलंग खोऱ्यापर्यंत देवदारांची दाटी रस्त्याला लगटून असते, आणि चालकाची बैठक रस्त्याकडेच्या कठड्याहून बरीच उंच असल्यामुळे मोटारीतून न दिसणारा बियासचा पांढरा प्रवाह कॅबिनमधून थेट तळापर्यंत दिसत राहतो.

पूर्वी येथून ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने अंतर ४६ किलोमीटरनी कमी केले. रोहतांगचे दृश्य हुकल्याची हळहळ पर्यटकाला वाटते. चिखलात रुतलेल्या ट्रकांच्या रांगेत तिथे रात्र काढलेल्या चालकांना ती वाटत नाही, आणि या बाबतीत चालकांचे मत अधिक ग्राह्य धरायला हवे. बोगद्याच्या दोन टोकांमध्ये जो फरक दिसतो, तो पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगररांगेच्या आडोशामुळे पाऊस न पोहोचणाऱ्या प्रदेशाचा, धडाच आहे : दक्षिणेकडच्या तोंडाशी ओली हिरवी कुरणे आणि धुके, तर उत्तरेकडे लाहौलचे कोरडे तपकिरी उतार व त्यांच्या पायथ्याशी पाटाच्या पाण्यावर जोपासलेली वाटाणा-बटाट्याची हिरवी शेते.

टांडी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होऊन चंद्रभागा, म्हणजेच पुढची चिनाब, तयार होते. संगमाजवळच्या पेट्रोल पंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी अनेक वर्षे प्रसिद्ध होती, आणि आजही ट्रकची टाकी येथे काठोकाठ भरण्याचा रिवाज आहे. केलाँग मागे टाकून मुक्काम जिस्पाला होतो.

दुसरा दिवस : जिस्पा ते सरचू

दिवसाचे वेळापत्रक येथून पुढे पाण्याच्या हाती जाते. रस्त्यावरून आडवे वाहणारे बर्फवितळीचे ओढे, ज्यांना या मार्गावर सरसकट ‘नाला’ म्हणतात, रात्रीच्या गारठ्यामुळे पहाटे आटलेले असतात आणि ऊन वर चढले की दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून जाणारी वाट चार वाजता मोठमोठ्या गोट्यांसह गडगडत असते. सप्टेंबरात हा जोर ओसरलेला असला, तरी जुनेजाणते चालक उजाडण्यापूर्वी दारचा सोडण्याचा नियम मोडत नाहीत. दारच्यालाच झंस्कारकडे जाणारा फाटा फुटतो. त्या वाटेवरील शिंकू ला खिंडीखाली जुलै २०२४ मध्ये बोगद्याचे काम सुरू झाले असून तो पूर्ण झाल्यावर लडाखला बारमाही रस्ता मिळावा अशी योजना आहे.

झिंगझिंगबारनंतरचा चढ ट्रकची खरी कसोटी घेतो. डिझेल जळायला हवा लागते आणि पाच हजार मीटरांच्या आसपास हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम निम्मा उरतो. टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या वेगावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, ही तूट काही अंशी भरून काढतो, तरीही इंजिनाचा आवाज जड होतो, धूर काळवंडतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मोटारीतून पाच मिनिटांत मागे पडणारा सूरजताल या गतीमुळे वळणावळणाने दिसत राहतो : आधी कड्याखाली हिरवट निळी रेघ, मग पूर्ण तळे, मग वरून पाहताना त्यात उतरलेली घसाऱ्याची राखाडी जीभ आणि तळ्यातून बाहेर पडणारी बारीकशी भागा नदी. टांडीला पाहिलेला तो रुंद प्रवाह एवढ्याशा धारेतून निघतो, हे डोळ्यांना पटायला संथ चालच हवी.

बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) ही ४,८०० मीटरांहून उंच, लांबलचक आणि सपाट माथ्याची खिंड आहे. तेथे कोणी रेंगाळत नाही, कारण विरळ हवेने डोके ठणकू लागते. पलीकडचा उतार सरचूच्या पठारावर नेतो. हिमाचल आणि लडाख यांची सीमा येथेच आहे. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील या तंबूवस्तीत झोप तुटक लागते, आणि खलाशी, म्हणजे चालकाचा मदतनीस, निजण्यापूर्वी न विसरता चारही बाजूंनी ताडपत्रीच्या दोऱ्या तपासतो, कारण रात्रीचा वारा सैल ताडपत्री फाडून नेतो.

तिसरा दिवस : सरचू ते पांग

त्साराप नदीच्या काठाने गेल्यावर रस्ता एकाएकी डोंगराच्या उभ्या अंगावर चढतो आणि एकवीस वळणांची ‘गाटा लूप्स’ ही मालिका सुरू होते. हेअरपिन वळण म्हणजे रस्ता जवळजवळ उलट्या दिशेला फिरवणारे वळण. अशा वळणावर लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून चालक गाडी आधी दरीच्या कडेला नेतो, तिथून पूर्ण सुकाणू फिरवतो, आणि तरीही वळण बसले नाही तर खलाशी दगड घेऊन खाली उडी मारतो, मागच्या चाकाखाली तो ठेवतो आणि गाडीच्या अंगावर थाप मारून इशारा देतो. जवळपास साडेचारशे मीटरची चढण अशी थापेथापेने सर होते. अरुंद घाटरस्त्यावर चढत्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियम आहे, आणि येथे तो कटाक्षाने पाळला जातो, कारण ऐन चढावर थांबलेला भरला ट्रक पुन्हा हलवणे किती कठीण असते हे उतरणाऱ्याला ठाऊक असते.

या वळणांतील एका कडेला दगडांची छोटी देवळी आहे आणि तिच्याभोवती पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा ढीग. तिच्यामागची कथा अशी सांगतात : हिवाळ्याच्या तोंडावर येथे एक ट्रक बंद पडला, चालक मदत आणायला पायी गेला, आजारी खलाशी गाडीपाशी थांबला, आणि बर्फाने वाट अडल्यामुळे चालक परतला तेव्हा खलाशी थंडीने व तहानेने मेलेला होता. पुढे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागताना दिसू लागला, म्हणून बाटली आणि सिगारेट ठेवण्याची प्रथा पडली. कथेचा पुरावा शोधणे येथे गौण आहे. या रस्त्यावर ट्रकवाल्यांना खरी भीती कशाची वाटते, हे ती अचूक सांगते : दरीत कोसळण्याइतकीच, बंद पडून एकटे राहण्याची. सीलबंद बाटल्यांच्या त्या ढिगात सिमेंटच्या ट्रकचीही एक भर पडते, आणि ती ठेवताना चालक व खलाशी दोघेही पायांतली चप्पल काढतात.

नकी ला आणि लाचुलुंग ला या दोन खिंडींनंतर उतार लागतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा चालकांचा शिरस्ता आहे. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून लागेनासे होतात. त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक वापरला जातो, ज्यात धुराची वाट झडपेने कोंडून इंजिनालाच गाडी रोखायला लावतात. त्याचा फुत्कार वाऱ्याने कोरलेल्या मातकट सुळक्यांच्या घळीत पांगपर्यंत घुमत राहतो.

चौथा दिवस : पांग ते लेह

पांगच्या चढानंतर सुमारे ४,७०० मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटरचे मोरे मैदान उलगडते, आणि मनालीनंतर प्रथमच ट्रक वरच्या गिअरमध्ये सलग धावतो. चालकाच्या खांद्यांतला ताण येथे उतरलेला स्पष्ट दिसतो. दूरवर चांगपा या भटक्या पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या दिसतात.

रस्त्याकडेला डांबराची पिंपे आणि धुराने काळे झालेले मजूर भेटतात. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेसाठी झारखंडच्या संथाल परगण्यासारख्या सखल, उष्ण प्रदेशातून हे लोक दर उन्हाळ्यात येथे येतात, तोंडाला फडके बांधून खडी पसरतात, आणि ट्रक जवळून जाताना धुळीपासून पाठ फिरवतात. या मार्गाच्या सौंदर्यावर जितके लिहिले जाते त्याच्या शतांशही या माणसांवर लिहिले जात नाही, ही गंभीर उणीव आहे.

तांगलांग ला, ५,३०० मीटरांहून उंच, हा मार्गाचा सर्वोच्च बिंदू. नोव्हेंबरनंतरच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात, आणि टाकीखाली जाळ करून ते पातळ करण्याचा घातक उपाय चालक पूर्वापार करत आले आहेत; २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले ते याच कारणाने. खिंडीखाली रुमत्से गावात कापणीला आलेल्या सातूची पिवळी शेते दिसतात, नंतर जांभळट खडकांची घळ, आणि उपशीला सिंधू. तिच्या काठाने सपाट रस्ता सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला पोहोचतो.

सिमेंट उतरवायला हमालांना अर्धा दिवस लागतो. परतीला भाडे मिळणे दुर्मीळ असल्याने बहुतेक ट्रक रिकामेच उतरतात, आणि रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर अधिक उसळते. हा ट्रक श्रीनगरकडे भाडे मिळेल या आशेने कारगिलमार्गे निघणार असल्याने, पुढील लेखांकात फोटू ला आणि झोजी ला या खिंडींची नोंद येईल.