खंडू भिंतीकडे बघायचा

नातीचा प्रश्न साधा होता. खंडू भिंतीकडे तोंड करून का बसायचा? कुत्रा जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले होते. आजी म्हणाली, "भित्रा होता म्हणून." आई म्हणाली, "शहाणा होता म्हणून." वडील म्हणाले, "जेवून घे आधी."

दोन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं आहे. पण भिंतीकडे बघण्याची ती खोड खंडूच्या अंगात उपजत नव्हती. ती त्याला लावली होती, आणि ती लावता लावता त्या घरातल्या दोन बायकांचं, आजीचं आणि तिच्या सुनेचं म्हणजे नातीच्या आईचं, आपसात काय काय झालं, हे नातीला कळायला अजून वेळ आहे.

घर सांगलीच्या गावभागातलं. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परस आणि वर माडी. या भागात कुणाच्या घरी गेलं की भिंतीवरच्या रेघा दाखवतात. ही २००५ ची, ही २०१९ ची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तिथं ५७ फुटांच्या वर गेलं. हे कुटुंब वेळेत निघालं आणि मिरजेला नातेवाइकांकडे जाऊन राहिलं. आजीची मांजर चिंगी झाकणाच्या परडीत बसून गेली. रस्ताभर तिनं जो सूर लावला, त्याची नक्कल आजीचा मुलगा अजून करतो.

पाणी ओसरल्यावर परत आले, तर माडीच्या जिन्यावर एक कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान दुमडलेला, पोट पाठीला लागलेलं. भुंकला नाही, उठलाही नाही. मुलानं हाकलायला केरसुणी उचलली होती. या घरात कुत्रं चालत नाही, हा जुना कायदा. सुनेच्या माहेरी, कोल्हापुरात, कायम एक तरी कुत्रा असायचा. लग्न होऊन आल्यावर तो विषय तिनं एकदा काढला आणि पुन्हा काढला नाही. म्हणजे सून गप्प, मुलगा केरसुणी घेऊन उभा, आणि कायदा करणारी आजी कुत्र्यासमोर वाकलेली.

त्याच्या गळ्यात दोरीचा हातभर तुकडा होता. आजीनं त्याचं टोक चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. टोक सरळ कापलेलं होतं. दातांनी तोडलेली दोरी पिंजते, तशी ती पिंजलेली नव्हती.

"कुणीतरी निघता निघता कापलंय हे," ती म्हणाली. "बुडू नये म्हणून."

दावणीला बांधलेली जनावरं पुरात कशी गेली, याखेरीज त्या दिवसांत दुसरं बोलणंच नव्हतं. मालकाचा पत्ता लागेपर्यंत राहू दे, असं ठरलं. पत्ता लागला नाही. मुलगा त्याला ‘पूरग्रस्त’ म्हणायचा आणि ‘ह्याचा पंचनामा झाला का?’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. खंडू हे नाव सुनेनं ठेवलं.

मग मिरजेहून चिंगी आली.

कुत्रा आणि मांजर एका घरात कसे नांदतात यावर तेल अवीव विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी घरोघरच्या जोड्या पाहून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक निष्कर्ष असा की मांजर घरात आधी आलेली असेल आणि कुत्रा मागाहून आला असेल, तर जमण्याची शक्यता जास्त. दुसरा वयाचा: मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत एकमेकांना भेटले तर उत्तम. इथं वयाच्या नावानं शंखच होता. दोघंही चांगली जाणती. आधी कोण आलं, हेही सांगणं कठीण. चिंगी त्या घरात कैक वर्षं राहत होती हे खरं, पण मांजरीचं घर तिच्या नाकात असतं. दाराच्या चौकटी, कपाटाचे कोपरे, पलंगाचे पाय यांना ती येता-जाता गाल घासते, तिथं तिचा वास राहतो, आणि तो वास आहे तोवर ते घर तिचं. पुरानं हे सगळं धुऊन नेलं होतं. घराला चिखलाचा, फिनेलचा आणि ओल्या गाद्यांचा वास. त्यात जिन्यावर कुत्रा. चिंगीच्या दृष्टीनं पाहुणी तीच होती.

परडीचं झाकण उघडल्यावर ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढली ती दुसऱ्या दिवशी आजीनं दूध दाखवेपर्यंत उतरली नाही. खाली खंडू ताठ उभा, कान पुढे, नजर माळ्यावर रोखलेली. शेपूट हलत होती, म्हणून मुलगा म्हणाला, खेळायचंय त्याला. सून म्हणाली, नाही. कुत्र्याची शेपूट हलते एवढ्यावर जाऊ नये. अंग सैल आहे की लाकूड झालंय, ते बघायचं. हे अंग लाकडाचं होतं. एकदा का पाठलाग झाला आणि मांजर पळाली की त्या पळण्यातच कुत्र्याला गंमत कळते. पुढे कितीही रागवा, ती गोडी सुटत नाही. तेव्हा पहिला पाठलागच होऊ द्यायचा नाही, हे तिचं म्हणणं. माहेरच्या अनुभवावरून ती बोलत होती आणि बरोबर बोलत होती.

खोल्या वेगळ्या करायच्या म्हटलं तर दारं लागत नव्हती. पुराच्या पाण्यानं सगळी फुगली होती. शेवटी गल्लीतल्या सुतारानं सामानातून निघालेल्या पट्ट्या ठोकून ओटी आणि माजघर यांच्यामध्ये कंबरेइतकं फाटक करून दिलं. पट्ट्यांमधून चिंगी निघायची, खंडू निघायचा नाही. फाटकाला कडी सुनेच्या बाजूनं, म्हणजे ओटीकडून. आजीला गुडघ्यांमुळे वाकून ती काढता येईना.

"माझ्याच घरात आता मला परवानगी काढावी लागते," आजी म्हणाली. तिला ते बरेच महिने पुरलं.

ओटीवर सून, तिच्या शिकवणीची मुलं आणि खंडू. आत आजी, चूल आणि चिंगी. आजीच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं चिंगीच्या अंगाखालून काढून खंडूच्या गोणपाटावर टाकायचं आणि त्याच्या गोणपाटाचा तुकडा आत न्यायचा, म्हणजे तोंड दिसण्याआधी वासाची ओळख होते, हे सुनेनं सांगितलं. आजीनं नाक मुरडलं, पण फडकं रोज बदललं ते तिनंच, तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी. त्या फडक्याच्या देण्याघेण्यापुरत्या दोघी फाटकापाशी समोरासमोर यायच्या. बाकी बोलणं आतून ओटीवर आणि ओटीवरून आत, आवाज चढवून. बोलणं कसलं, सूचना. कुकर झाला. दूधवाला आला. घरात एवढी माणसं असताना हे फाटक कुणासाठी होतं, असा प्रश्न त्या काळात येणाऱ्याला पडायचा.

खंडूचं शिक्षण फाटकाच्या अलीकडे चालायचं. चिंगी पलीकडे दिसली, त्यानं रोखून पाहिलं, की सून हळूच हाक मारायची. त्यानं मान वळवली की भाकरीचा तुकडा. पाहिलं, हाक, मान वळवली, तुकडा. मांजर दिसणं आणि मान वळवणं यांची त्याच्या डोक्यात गाठ बसली. मग हाकेची गरज राहिली नाही. मांजर दिसली की खंडू आपण होऊन मान वळवायचा. पुढे त्यानं यात स्वतःची भर घातली: मान वळवून न थांबता उठायचा, अख्खा फिरायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. चिंगी मग पाठीमागून, शेपूट उभी करून, बिनघोर निघून जायची. मांजरीची उभी शेपूट म्हणजे सलोखा असतो. खंडूला ती कधी दिसलीच नसणार.

याला हुशारी म्हणायची की भाकरीची चटक, यावर घरात वाद होता. पण भाकरी बंद झाल्यावरही तो भिंतीकडेच वळायचा, हे पाहुणे मुद्दाम थांबून बघायचे. गणपतीत तर आरतीला जमलेली मुलं चिंगीला उचलून त्याच्यासमोर आणायला बघायची. आजीनं त्यांना पिटाळलं. मांजर हातात धरून कुत्र्यापुढे नेऊ नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पळायला वाट नसली की मांजर नखं काढते, एवढं तिला आयुष्यभराच्या मांजरींनी शिकवलं होतं.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथं उगम पावणारी कृष्णा आणि कराडला तिला मिळणारी कोयना, दोन्ही फुगून सांगलीकडे निघाल्या. टीव्हीवर आकडे येत होते. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडतायत. सून म्हणाली, निघू या. आजी म्हणाली, नाही. करोनाचे दिवस, छावणीत गर्दी, मिरजेच्या घरी आधीच आजारपण. कारणं खरी होती, पण हट्टही होता. दुपारपर्यंत दोघींमध्ये सरळ बोलणं बंद झालं आणि निरोप नातीमार्फत जाऊ लागले. संध्याकाळी गल्लीत पाणी आलं. धान्याचे डबे, गॅस, कागदपत्रं आणि देव माडीवर गेले. ओट्यावरची तुळशीची कुंडी मुलानं उचलून नेली, कारण त्याशिवाय आजी जिना चढेना.

वीज गेली. माडी म्हणजे एकच खोली, आणि तिथं फाटक नव्हतं.

पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं आणि मुलगा अर्ध्या अर्ध्या तासानं बॅटरी मारून पायरी सांगत होता. चिंगी गाद्यांच्या चवडीवर. खंडू कोपऱ्यात, थरथरत. आधीच्या पुरात त्यानं काय पाहिलं होतं ते त्यालाच ठाऊक; पाण्याचा बुडबुडा वाजला की त्याच्या घशातून बारीक आवाज यायचा. मध्यरात्रीच्या सुमाराला चिंगी गाद्यांवरून उतरली आणि खोलीभर फिरू लागली. जमीन उकरायची, वास घ्यायची, पुढे जायची. ती परसात जाणारी मांजर. परस पाण्याखाली.

सुनेनं वर्तमानपत्र पसरलं. चिंगीनं हुंगून सोडलं. मुलानं जुनं पोतं टाकलं, तेही नाही. ती कोपऱ्याकोपऱ्यातून ओरडत फिरत होती, आणि दर फेरीला खंडूच्या समोरून जात होती. प्रत्येक वेळी, थरथरत का होईना, खंडू उठायचा, वळायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. ती पुढे गेली की पुन्हा खोलीकडे फिरायचा. ती आली की पुन्हा भिंतीकडे. बॅटरीच्या उजेडात चौघं हे बघत होते.

"ह्याला आत्ता कोण भाकरी देतंय?" आजी म्हणाली. दुपारपासूनचं तिचं सुनेशी हे पहिलं वाक्य.

"सवय आहे, आई."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती कुंडी इकडे सरकव."

सुनेला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माडीवर माती होती ती फक्त तुळशीच्या कुंडीत, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं आणि कुणाचीही ते बोलायची छाती नव्हती. रोज अंघोळीनंतर त्या कुंडीला पाणी घातल्याशिवाय आजी चहा घेत नसे. तिनं स्वतःच तुळशीच्या मुळाभोवती बोटं घातली, रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद काढलं आणि पाण्याच्या तांब्यात ठेवलं. उरलेली माती सुनेनं परातीत ओतली. चिंगीनं ती हुंगली, पंजानं चाचपली आणि आपलं काम आटोपलं. खंडूची पाठ होतीच.

"परात आता टाकायची हं," आजीनं बजावलं. सून हसायला लागली. मग आजीही. पहाटेपर्यंत पायऱ्या मोजायचं काम मुलाकडून दोघींनी घेतलं, एकीनं बॅटरी धरायची आणि दुसरीनं सांगायचं, असं. पाणी पुलापाशी ५० फुटांच्या पुढे गेलं होतं. माडीत आलं नाही.

तुळस जगली. परात टाकली नाही. ती परसात आहे, तिच्यात आता शेणी ठेवतात.

त्या पुरानं फाटकाची कडी गंजून बसली. कुणी नवी बसवली नाही आणि फाटकही काढलं नाही. उघडं टाकलं, एवढंच. खंडू आत येऊ लागला. आजीच्या खुर्चीजवळ तो बसे, चिंगी खुर्चीवर. तिनं कूस बदलली तरी हा भिंतीकडे वळायचा. दोघांची गळाभेट, एकाच ताटात खाणं, फोटोत शोभेल असलं काही झालं नाही. ज्यांना तसलं हवं असतं त्यांनी या घरी येऊ नये. नाकाला नाक मात्र लागलं असावं. सुनेनं एकदा पाहिलं म्हणून ती सांगते, आजी म्हणते, थापा.

खंडू म्हातारपणानं गेला. शेवटी त्याला दिसत नव्हतं. तरी चिंगीच्या पावलांची चाहूल लागली की मान भिंतीकडे वळायची, आणि डोळे गेलेला कुत्रा नजर कशी काय चुकवतो, म्हणून मुलगा आधी हसायचा. नंतर हसेनासा झाला. गेला त्याच संध्याकाळी चिंगी त्याच्या गोणपाटावर जाऊन झोपली. नात म्हणाली, तिला आठवण येते. असेल. मांजरीला ऊबदार, ओळखीच्या वासाची जागा आवडते, हेही तितकंच खरं. आजीनं गोणपाट धुवायला काढू दिलं नाही, याला मात्र दुसरं कुठलं कारण देता येत नाही.

आता वाद नव्या कुत्र्याचा आहे, आणि यात बाजू उलट्या झाल्या आहेत. आजीला कुत्रा हवा. घर मोकळं वाटतं, म्हणते. सून म्हणते, चिंगी थकली आहे, या वयात तिच्या मागे नवं पोर लावायचं नाही. ती आहे तोवर मी आणू देणार नाही. "मांजर माझी, आणि काळजी हिला," असं आजी शेजारणीला सांगते, तक्रारीच्या सुरात, पण सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पावसाळा उलटल्यावर बघू, इथवर प्रकरण आलं आहे. तोवर नात मारुती चौकाकडची पिल्लं बघून आली आहे आणि त्यातल्या एकाचं नावही ठरवून बसली आहे. आजीला ते नाव पसंत नाही.