“कागद घरी नेऊन वाचते” म्हटले मात्र...

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाताची झोडणी आटोपली होती, पोती ओटीवर रचली होती आणि शेतातल्या ओलीवर वाल पेरून आम्ही जरा टेकलो होतो. संध्याकाळी थोरली मुलगी धावत चुलीपाशी आली आणि म्हणाली, “आई, मला जाहिरातीत घेतलं!”

मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. मामेबहिणीच्या हळदीतला तिचा नऊवारीतला फोटो कोणीतरी मोबाईलवर टाकला होता. तो पाहून मुंबईच्या एका मॉडेलिंग एजन्सीने तिला निरोप धाडला. दागिन्यांच्या मोठ्या पेढीची जाहिरात, दोन दिवसांचे काम आणि पन्नास हजार रुपये. नावनोंदणीला पाचशे तेवढे भरायचे. ते तिने साठवलेल्या पैशातून मोबाईलवरून भरूनही टाकले होते.

खरे सांगते, मला राग आला नाही, आनंदच झाला. आपली लेक चार लोकांत उठून दिसली, याचा आनंद कोणत्या आईला होणार नाही? आणि आमच्या चौकला हे काम तसे परकेही नाही. २००५ साली कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी इथे जवळच स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे चित्रीकरण तिथे झाले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकाही तिथेच झाली. देसाई २०२३ साली गेले. पण डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिलेले ते किल्ले-महाल पाहतच आमची मुले मोठी झाली. शूटिंगचे नाव काढले की म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घालायच्या, ते दिवस गेले. मेहनतीचे काम आहे, मिळाले तर का करू नये?

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. फोटोंचा अल्बम करावा लागेल, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात, त्याचे पस्तीस हजार. पेढीने मुलीला पसंत केले आहे, पण अल्बमावाचून काम पुढे सरकणार नाही. शनिवारी या, सही करा, पैसे भरा.

पस्तीस हजार म्हणजे आमचे ओटीवरचे भात. आमच्या घरच्यांनी पोत्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “शेतीत काय ठेवलंय? पोरीचं नशीब उघडत असेल तर विकू भात.” त्या रात्री कोणालाच धड झोप लागली नाही.

सकाळी शेजारचा पुतण्या कोयता मागायला आला. तो मालिकेच्या शूटिंगला गर्दीत उभा राहायला जात असे. त्याला सारे सांगितले, तर तो हसला नाही की रागावला नाही. एवढेच म्हणाला, “काकी, काम त्यांचं, मग पैसे तुम्ही कसे देता? मी तर कधी दिले नाहीत. ज्याने आम्हाला नेलं तो आमच्या रोजातून आपला वाटा कापायचा आणि उरलेले हातावर ठेवायचा.”

हे शब्द माझ्या मनातून जाईनात. पूर्वी आपण भाजी बाजारात पाठवायचो, तेव्हा अडत्या माल विकला गेल्यावर पट्टीतून आपली अडत धरायचा. माल उतरण्याआधीच “टोपलीचा फोटो काढायचे पस्तीस हजार द्या” असे कोणी म्हणाला, तर आपण टोपली उचलून घरी येऊ. मग मुलीच्या बाबतीत एवढे साधे गणित आपल्याला का सुचू नये?

शनिवारी मी मुलीला घेऊन निघाले. पैसे मात्र घरीच ठेवले. पनवेलपर्यंत एस.टी.ने, तिथून लोकलने अंधेरी. कचेरी झकास होती, गार होती. भिंतीवर नामवंत नटनट्यांचे फोटो लावले होते. समोरचा तरुण गोड बोलत होता. “आंटी, मुलीला देवाने चेहरा दिलाय,” म्हणाला. मग त्याने इंग्रजीतला पाच पानी कागद पुढे केला आणि पालक म्हणून माझी सही मागितली.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात मोठा रस्ता आला आणि जमिनीचे दलाल गावोगाव फिरू लागले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एका दलालाकडून इसार घेऊन कागदावर अंगठा दिला होता. एका तुकड्याचा व्यवहार ठरला होता. कागदात दोन गट नंबर निघाले. दुसरा तुकडा सोडवण्यात आमची सात वर्षे गेली आणि सासरे त्या घोरातच खचले. ते म्हणायचे, “सून, घाई समोरच्याला असली तर समजावं, खोट कागदात आहे.”

म्हणून मी म्हटले, “दादा, कागद घरी नेऊन वाचते, ओळखीच्या वकीलबाईंना दाखवते, मग सही करते.”

एवढे म्हटले मात्र, माणसाचा नूरच पालटला. कागद बाहेर देता येत नाही, म्हणाला. आज सही झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, ती बाहेर बसलीच आहे. मी विचारले, “तुमच्यातर्फे काम मिळालेल्या दोन मुलींच्या आयांशी बोलता येईल का?” तो भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवू लागला. आम्ही उठलो.

येताना मुलगी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “तू माझं नशीब घालवलंस.” दोन दिवस ती नीट जेवली नाही. मैत्रिणींनो, तेव्हा माझेही मन डळमळले. भात विकले असते तर काय बिघडले असते, असे वाटून गेले. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, “बाय, माझं नको ऐकूस. तूच त्या पेढीला विचार.” तिने पेढीच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर शोधून स्वतः फोन केला. तिकडच्या माणसाने चौकशी करून सांगितले, अशी कोणतीही जाहिरात आम्ही काढत नाही आणि ही एजन्सी आम्हाला ठाऊक नाही. फोन ठेवून ती माझ्या कुशीत शिरली आणि मनसोक्त रडली.

पाचशे रुपये गेले ते गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर आम्ही तक्रार नोंदवली. ते पैसे अजून हाती आलेले नाहीत. पैसे गेल्याबरोबर फोन केला असता तर ते अडवून धरण्याची आशा जास्त असते, हे आम्हाला उशिरा कळले. तुम्ही तो उशीर करू नका.

पुढे वकीलबाईंनी मायलेकींना समोर बसवून समजावले. आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याला बांधून ठेवत नाही. म्हणूनच त्या कचेरीत माझी सही हवी होती. चौदा वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीत किंवा मालिकेत घ्यायचे, तर काम घेणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. मुलाचे काम दिवसाला पाच तासांहून जास्त नको, तीन तासांपुढे विसावा हवा आणि त्याच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्याच नावे बँकेत मुदतठेवीत जायला हवा. हे सारे केंद्राच्या नियमांत लिहिलेले आहे.

खरी एजन्सी आरंभी घरच्या मोबाईलवर काढलेले, बिनरंगरंगोटीचे साधे फोटो पाहते. समोरून, बाजूने आणि उभा पूर्ण. अल्बम पुढे करायचा झालाच, तर तो आपल्या पसंतीच्या छायाचित्रकाराकडून करता आला पाहिजे. आमच्याचकडून करा असा हट्ट धरला, तर त्या माणसाचा धंदा फोटोंचा आहे, कामाचा नव्हे. जी.एस.टी. नंबर दिला तर तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, नाव आणि पत्ता जुळतो का ते दिसते. पण कोरा सातबारा असलेला माणूसही लबाड निघू शकतो, तसेच हे. नोंदणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे.

कागदात काय वाचायचे? त्यांचा वाटा शेकडा किती, काम झाल्यावर पैसे किती दिवसांत मिळणार, मुलीचे फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, आणि पटले नाही तर मोकळे कसे व्हायचे. मुलीसोबत घरचे माणूस नको म्हणणाऱ्याकडे, किंवा कचेरी सोडून हॉटेलच्या खोलीवर बोलावणाऱ्याकडे, पाऊलही टाकायचे नाही.

हे सारे मुलीने स्वतःच्या हाताने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ओटीवर टांगले आहे. परवा शेजारची वहिनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला जाहिरातीसाठी बोलावणे आल्याचे सांगत आली, तर आमच्या लेकीनेच तिला पाटावर बसवले आणि पहिला प्रश्न विचारला, “वहिनी, पैसे कोण कोणाला देणार आहे?”

भात अजून ओटीवर आहे. भाव बरा आला की विकू. मुलीने दुसऱ्या एका ठिकाणी साधे फोटो पाठवले आहेत, तिथे कोणी पैसे मागितलेले नाहीत. उत्तर आले तर पाहू. तोवर बारावीचा अभ्यास आहेच.