काळ्या घोड्याचा माग

फेरारीचा कारखाना आपल्यासारख्यांना आतून दाखवत नाहीत. ज्यानं गाडी घेतलीय त्याचं स्वागत असतं. बाकीच्यांनी संग्रहालय पाहावं, फार तर बसमध्ये बसून आवारातून एक चक्कर मारावी, तीही खाली न उतरता आणि फोटो न काढता. हे कळल्यावर माझा भाचा खट्टू झाला. तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. वर्षभर असेंब्ली लाइनवर उभं राहून सुट्टीतही लाइनच बघायला जायचं, म्हणजे हलवायाच्या पोरानं वाढदिवसाला मिठाईचं दुकान मागण्यातला प्रकार. पण त्याचं सगळं ठरलेलं होतं. मिलानला उतरायचं, मोदेना, मारानेल्लो, सांतागाता बोलोन्येझे, मग आल्प्स ओलांडून श्टुटगार्टला पोर्शे आणि शेवटी न्युरबुर्गरिंग. एक्सेलच्या फाइलमध्ये तासातासाचा हिशेब होता. त्यात माझा रकाना ‘दुसरा ड्रायव्हर’ असा होता.

“मामा, तुम्हाला इतिहास लागतो ना? मग त्या फेरारीच्या घोड्याचा शोधा. मला गाड्या बघू द्या,” तो म्हणाला. त्याला वाटलं मिटलं. मी घोडा मनावर घेतला.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढणं सोपं. अवघड प्रकरण असतं ते तिकडच्या भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर. आपण इथं बसून पैसे भरलेले असतात, तिथली बाई हसत हसत आणखी विमा गळ्यात मारते आणि न घेतला तर क्रेडिट कार्डावरची एवढी रक्कम अडकवून ठेवते की पुढच्या जेवणाचा विचार पडावा. आम्हाला मिळाली फियाट पांडा. वेगाच्या तीर्थयात्रेला हे वाहन! पण माझं बालपण कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सीटवर गेलेलं, म्हणजे तीही मुळात फियाटच. मला पांडा घरची वाटली. भाच्यानं मात्र पहिला दिवस तिच्याशी अबोला धरला.

मिलानच्या खाली पिआचेन्झा लागतं आणि तिथून रीमिनीपर्यंत व्हिया एमीलिया. रोमन कॉन्सल मार्कस एमिलियस लेपिडसनं इ.स.पू. १८७ मध्ये आखलेला हा रस्ता पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ जातो. दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं, मका, डुकरांचे गोठे, नाशपातीच्या बागा. जगातल्या सगळ्यात मिजासखोर गाड्या या शेतांतून निघतात हे नकाशावर पटत नाही. पांडाची काच खाली केली आणि शेणखताचा वास आत आला, तेव्हा पटायला लागलं.

मोदेनाचं कॅथेड्रल जागतिक वारसा आहे, बाराव्या शतकातलं आहे, सुंदर आहे. आम्ही ते उभ्या उभ्या पाहिलं, कारण इटलीतल्या जुन्या शहरांच्या पोटात परवानगीशिवाय गाडी घातली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र सावकाश घरी येतं. गाडी लांब लावून चालत गेलो, चालत आलो. मुक्काम गावाबाहेर शेतावरच्या घरात होता. जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं, सान्निध्य डासांचं होतं. शाकाहाराबद्दल मालकिणीला हरप्रकारे सांगितलं. तिनं समजल्यासारखी मान डोलवून तोर्तेल्लीनी आणले, आत डुकराचं मांस. माझी पानातल्या पानात उपासमार, आणि भाचा दोन ताटल्या जेवला.

मारानेल्लोत सगळं लाल. दुकानं, झेंडे, बाकं. फुटपाथवर भाड्याच्या फेरारी उभ्या असतात. मिनिटांच्या हिशेबानं पैसे घेऊन शेजारी बसलेला माणूस तुम्हाला गावातून फिरवून आणतो. भाच्यानं दर विचारला आणि मुकाट पांडात येऊन बसला. फेरारी शर्यत जिंकली की इथल्या चर्चच्या घंटा वाजतात, ही त्यातल्या त्यात बिनखर्चाची गंमत.

एन्झो फेरारी मोदेनाचा, जन्म १८९८ चा. १९३९ मध्ये अल्फा रोमेओ सोडली तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावानं गाड्या काढायच्या नाहीत, अशी अट त्याच्यावर होती. मग युद्ध आलं. त्याच्या कारखान्यात जर्मन नमुन्यावरून ग्राइंडिंग मशीनं बनू लागली. कारखाने शहराबाहेर पसरवण्याचा सरकारी हुकूम निघाला म्हणून १९४३ मध्ये तो मारानेल्लोच्या शेतांत आला. तरी १९४४ मध्ये बॉम्ब पडलेच, १९४५ मध्ये पुन्हा पडले. त्या पडझडीतून १२ मार्च १९४७ ला पहिली १२५ एस फाटकातून बाहेर पडली. दीड लिटरच्या इंजिनात १२ सिलिंडर.

त्या फाटकासमोरून जातो तो आबेतोनेचा रस्ता. भाच्याला त्याची वळणं हवी होती, मला त्याच्या माथ्यावरचे दोन दगडी पिरॅमिड. अठराव्या शतकात मोदेनाचा ड्यूक आणि तोस्कानाचा ग्रँड ड्यूक यांना एकमेकांकडे जायला अशी वाट हवी होती की मध्ये पोपच्या ताब्यातला बोलोन्या प्रांत लागू नये. ड्यूकांचं पोपशी वाकडं, म्हणून हा घाट. मोदेनाच्या बाजूनं पिएत्रो जार्दीनी नावाच्या इंजिनिअरनं तो बांधला, आणि जिथं दोन राज्यं भेटली तिथं हे पिरॅमिड उभे केले. आम्ही १३८८ मीटरवर पोचलो तेव्हा धुकं होतं. पांडा तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होती. मोटारसायकलवाले आम्हाला ओलांडताना हात करत होते, तो नमस्कार होता की कीव, कळलं नाही.

सांतागातात मात्र लॅम्बोर्गिनीनं आत घेतलं. मोबाइल बाहेर, रांगेत चला, कशाला हात लावू नका. भाचा इंजिनं पाहत होता. मी चामड्याच्या विभागात अडकलो. मोठ्या टेबलावर अख्खं कातडं पसरलेलं आणि एक बाई तळहात फिरवत होती. डास चावल्याचा डाग, तारेच्या कुंपणाचा ओरखडा, जिथं म्हणून काही लागलं तिथं ती खूण करायची. खुणा टाळून जे उरेल ते सीटला. तिचा हात थांबे, मागे येई, पुन्हा त्याच जागेवरून जाई. एवढी महाग गाडी, आणि तिचा दर्जा एका बाईच्या तळव्यावर अवलंबून! भाचा म्हणाला, आमच्याकडे हे कॅमेरा करतो. म्हटलं, बरोबर आहे, म्हणूनच तुझ्या लाइनवर मी सुट्टी घालवायला येत नाही.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. युद्धात ऱ्होड्स बेटावर लष्करी गाड्यांचा मेकॅनिक होता. परत आल्यावर सैन्यानं टाकून दिलेल्या ट्रकांची इंजिनं घेऊन त्यानं ट्रॅक्टर जोडले. पैसा आला, फेरारी घेतली, तिचा क्लच सारखा बिघडे. तक्रार घेऊन गेला तर एन्झोनं ट्रॅक्टरवाल्याला गाडीतलं काय कळतं म्हणून वाटेला लावलं, त्या रागातून १९६३ मध्ये हा कारखाना निघाला. ही गोष्ट तिथं हमखास ऐकवतात. ती जशी सांगतात तशी घडली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला ती फार गुळगुळीत वाटते. ट्रॅक्टर आणि बर्नरच्या धंद्यात मुरलेला माणूस अपमान झाला म्हणून बारा सिलिंडरचं इंजिन करत नाही. महागड्या गाडीत नफा किती सुटतो हे पाहून करतो. अपमान फार तर निमित्त. “मामा, तुम्हाला चांगली गोष्ट सहन होत नाही,” भाच्याचा अभिप्राय.

राहिला घोडा. मारानेल्लोच्या संग्रहालयात तो चार ओळींत उरकला होता. पहिल्या महायुद्धातला इटलीचा अव्वल वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का, ३४ विमानं पाडलेला. त्याच्या विमानावर उधळलेला घोडा. १९ जून १९१८ ला तो मोंतेल्लोवर पडला. १९२३ मध्ये एन्झोनं राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकली आणि पुढे बाराक्काच्या आईनं, काउंटेस पाओलिनानं, मुलाचा घोडा गाडीवर लाव, नशीब फळेल असं सांगितलं. पण घोडा गाडीवर आला १९३२ मध्ये. नऊ वर्षं तो कुठं होता?

बाराक्का लुगोचा. भाच्याच्या फाइलमध्ये त्या दिवशी सान चेझारिओला पगानीची भेट होती. सांतागातातून लुगो तासाभराच्या वाटेवर आहे, संध्याकाळी परत येऊ, असं मी म्हटलं. माझ्या स्वरावरूनच त्यानं ओळखलं असावं.

लुगोच्या चौकात बाराक्काचं स्मारक आहे, २७ मीटर उंचीचा विमानाचा पंख, १९३६ चा. जवळच त्याचं घर, आता संग्रहालय, आत त्याच्या काळचं स्पाड विमान. इथल्या घोड्याची शेपटी खाली आहे. फेरारीच्या घोड्यानं ती वर केली. हे निरखत होतो तेव्हा एक वयस्क गृहस्थ बोलायला आले. गावच्या शाळेत इतिहास शिकवत असत. मी नऊ वर्षांचा प्रश्न काढला.

माझं म्हणणं असं की १९२३ मध्ये एन्झो अल्फाचा नोकर होता, घोडा लावणार कुणाच्या गाडीवर? स्कुदेरिया फेरारी १९२९ ची. स्वतःचं पथक झालं, ते स्थिरावलं, मग चिन्ह आलं. गृहस्थ हसले. काउंटेस काय म्हणाली याचा साक्षीदार कोण, तर एकटा एन्झो, असं त्यांनी विचारलं. १९३२ च्या इटलीत मुसोलिनीच्या राजवटीनं बाराक्काला देवत्व दिलं होतं, चौकातला पंख पाहा. अशा वेळी त्याचा घोडा बॉनेटवर असणं सोयीचं नव्हतं का? हे मला सुचलं नव्हतं. तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असं मी म्हटलं. घोडा मुळात बाराक्कानं पाडलेल्या जर्मनाच्या विमानावरचा, श्टुटगार्टच्या शहरचिन्हातला, अशीही एक वदंता आहे. पोर्शेच्या चिन्हातही तोच घोडा असल्यानं गाडीवेड्यांना ती फार आवडते. यावर मात्र आमचं एकमत झालं. बाराक्का घोडदळातला, त्याच्या पिएमोन्ते रेआले रेजिमेंटच्या चिन्हातच घोडा. श्टुटगार्टला जायची गरज काय? भाच्यानं हे वाक्य स्वतःच्या सहलीबद्दल घेतलं.

मग गृहस्थांनी विचारलं, तुम्ही भारतातले, तर सेनिओ पाहिली का?

सेनिओ गावाच्या पूर्वेला आहे. पात्र अरुंद, पाणी बेताचं, पण दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, कारण आपेनीनातून पूर कधी येईल सांगता येत नाही. २०२३ मध्ये याच नदीनं बांध फोडून गावंच्या गावं बुडवली. १९४४-४५ चा सगळा हिवाळा आघाडी या बांधांवर अडून होती. जर्मन सैनिक बांधाच्या पोटात खणून बसलेले.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियननं लुगोच्या परिसरात ही नदी ओलांडली. कंपनी कमांडरसोबतची तुकडी पाण्यातून पश्चिमेच्या काठाला लागली आणि मशीनगनी सुरू झाल्या. कमांडर आणि दोघं जखमी, बाकीचे ठार, उरला एकटा निरोप्या, शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचा. त्यानं एका जखमीला उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधावर चढवून मागे नेलं. मग दुसऱ्यालाही नेलं. तिसऱ्यांदा गेला तो मशीनगनींवर. पहिलं ठाणं टॉमीगननं गप्प केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी संपवली. आणि मग तोफगोळे पडत असताना बांधावर उभा राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत त्यानं मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

भाचा बांधावरून खाली उतरला, वर आला, पुन्हा उतरला. बूट चिखलानं भरले. “एकदा रिकाम्या हातानं चढताना दम लागतो,” म्हणाला. मग, “म्हणजे ज्या गावचा घोडा, ते गाव आपल्या लोकांनी सोडवलं?” दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला लुगो मोकळं झालं हे खरं. पण आपले म्हणजे कोण, हे मी त्याला सांगायला बसलो. आठवी इंडियन डिव्हिजन. त्याच संध्याकाळी, याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचा अली हैदर, त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोन वर्षांनी या दोघांच्या मध्ये सरहद्द आली. आणि ही माणसं लढली ती ज्यानं त्यांनाच गुलाम ठेवलं त्या राजाच्या पदकासाठी. अभिमान वाटतो, पण नीट सरळ वाटत नाही. गृहस्थ म्हणाले, त्याचा विचार तुम्ही करा, आमच्या गावात त्या दिवशी कुणी पासपोर्ट विचारले नव्हते.

पगानीची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही फोर्लीला गेलो, तिथं भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक. भाचा नावं मोठ्यानं वाचत होता, आडनावावरून गाव ओळखायचा प्रयत्न करत. शिंदे, पवार, मोरे. मग तो फोन घेऊन बाकावर बसला. मला वाटलं पगानीची नवी वेळ शोधतोय.

तो यशवंत घाडगे शोधत होता. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक, १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने गावात २०२३ मध्ये त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. डोंगर ओलांडला की मोंतोने.

“श्टुटगार्ट राहू दे,” भाचा म्हणाला, “पण मोंतोनेच्या पुढे पानिकाले आहे. कारखाना विकल्यावर फेरुच्चोनं तिथं द्राक्षं लावली. त्याच्या वाइनचं नाव सांग्वे दी मियूरा. मोंतोने तुमचं, पानिकाले माझं.”

सौदा झाला. चेझेनाहून दक्षिणेला जाणारा ई-४५ हा महामार्ग खड्ड्यांसाठी इटलीभर बदनाम आहे. घरमालकिणीनं हात जोडून सांगितलं होतं, त्या रस्त्यानं जाऊ नका. भाचा रोज पुणे-नाशिक रस्त्यानं चाकणला जातो. त्यानं पांडा चौथ्यात टाकली आणि पहिल्यांदाच तिची तारीफ केली.