पश्चिमेची भिंत

नागपुरात नव्या वर्कशॉपच्या भिंतीला ओल आली की सगळे पावसाला बोल लावतात. मला मात्र वाटतं, त्या ओलीची वाट मे महिन्यातच मोकळी झालेली असते. या शहरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर चढला होता आणि डिसेंबर 2018 मध्ये 3.5 अंशांवर उतरला होता. उन्हातली भिंत तर हवेपेक्षाही तापते. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा बीम चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे 4 मिलिमीटर वाढतो आणि त्याखालचं वीटकाम साधारण त्याच्या निम्मं. दोन्हींवर गिलावा मात्र एकच. तो बीमच्या खालच्या कडेने केसाएवढा फाटतो. दुपारचं ऊन खातं ते पश्चिमेचं अंग, आणि पावसाळी वाराही बहुतेक तिकडूनच येतो. हिंगणा, बुटीबोरीच्या मोकळ्या माळावर शेडला आडोसा नसतो, त्यामुळे जिथे चीर तिथेच सरींचा मार. म्हणून बीम आणि विटांच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी ठोकणं आणि खिडकीवर पुरेसा छज्जा काढणं हे कुठल्याही रंगाच्या आधीचं काम आहे.

दुसरं कारण घाईचं. मृगाच्या आधी काम उरकायचं म्हणून बाहेरचा गिलावा भर उन्हात होतो. सिमेंटला घट्ट व्हायला किमान सात दिवस ओलावा हवा. इथे सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. असा गिलावा वाळतो, पण ताकद धरत नाही. त्यावर बोट घासलं तरी वाळू सुटते. यावर हमखास उत्तर मिळतं, वरून महागडा वॉटरप्रूफ रंग मारू. रंग वाईट नाही, पण ओल्या भिंतीवर त्याचा पापुद्रा आतलं पाणी कोंडून ठेवतो, मग फुगे येतात आणि पोपडे सुटतात. नव्या गिलाव्याला रंगाआधी महिनाभर तरी सुकू द्यावं लागतं.

वर्कशॉपच आहे, राहतं घर नाही, थोडी ओल चालेल, असंही म्हणतात. ते मला पटत नाही. ओलीने लेथवर गंज चढतो, वेल्डिंगचे रॉड दमट होतात, आणि विजेचं पॅनेल त्याच भिंतीवर असतं. कर्जाचे हप्ते सुरू असताना मालकाने थांबायचं कसं, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण थांबायचं आहे ते रंगासाठी. आतली यंत्रं सुरू करायला कुणाची ना नाही. गिलावा जमल्यास हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात करावाच लागला तर गोणपाट लावून दिवसातून तीन-चारदा पाणी मारा, चिरा भरून घ्या, पहिला पावसाळा साध्या चुन्यावर काढा आणि रंगाचं दिवाळीनंतर बघा.