नव्वद टक्के झालंय

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरचं टेबल कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या भिंतीवर लांबलचक तक्ता चिकटवलेला असेल, तिच्यासमोरचं टेबल त्याचं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये गँट चार्ट तयार करायचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचा, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायच्या आणि पानाला पान जुळवून सेलोटेप लावायची. हे काम नव्या ट्रेनीचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. पानं जुळवता जुळवताच प्रकल्प म्हणजे काय ते मला कळत गेलं.

आमचे सर पिंपरीच्या एका कारखान्यातल्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागातून आलेले. चार्ट भिंतीवर लागला की ते लाल स्केचपेन घेऊन उभे राहायचे आणि आडव्या पट्ट्यांमधून एक रेघ ओढायचे. हा क्रिटिकल पाथ. या रेघेवरचं काम एक दिवस लांबलं तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबणार. रेघेबाहेरच्या कामांना थोडी सवड आहे, पण तीही संपू शकते. पद्धत अर्थात जुनी आणि परक्या मुलखातली: हेन्री गँट यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळातले, क्रिटिकल पाथ १९५७च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत आकाराला आला, तर तिचंच भावंड असलेली पर्ट पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये. आम्हाला मात्र ती त्या लाल रेघेतून समजली. ती ऑफिसमधल्या प्रत्येकाला, चहा आणणाऱ्या मुलालासुद्धा, रोज दिसायची. बांधकामातल्या लोकांनाही याचं मोल ठाऊक होतं. दिल्ली मेट्रोच्या कामावर ई. श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती, ती याच समजुतीतून. मुदत साहेबाच्या फायलीत बंद राहिली तर ती एकट्या साहेबाचीच राहते.

पण तक्त्यापेक्षा मोठी गोष्ट होती सरांची फेरी. दुपारी चारच्या सुमाराला चहाचा कप हातात घेऊन ते निघायचे. कुणाच्याही खुर्चीमागे उभे राहायचे आणि आधी भलतंच काहीतरी विचारायचे. गावाकडे पाऊस झाला का, बहिणीचं जमलं का. मग सहज म्हणायचे, "काय रे, कुठवर आलं?"

उत्तर ठरलेलं. "नव्वद टक्के झालंय, सर."

त्यावर सर कधी रागावले नाहीत. "छान. उरलेल्या दहात काय काय येतं, सांग बरं."

मुलगा बोटांवर मोजत सांगायला लागायचा. टेस्टिंग राहिलंय. जुन्या फायलीतल्या तारखांचं रूपांतर राहिलंय. प्रीमियमचा हिशेब लीप वर्षाला चुकतोय, तो बघायचाय. एक रिपोर्ट क्लायंटनं अजून पक्का केलेला नाही. चौथ्या बोटाशी त्याचा आवाज उतरायचा, कारण एव्हाना त्याचं त्यालाच उमगलेलं असायचं. सर मान डोलवायचे, भिंतीकडे जायचे आणि त्याच्या पट्टीवर शिसपेन्सिलीनं एक बारीक खूण करायचे. पेनानं कधीच नाही. खूण पुसता आली पाहिजे आणि लांबून कुणाला वाचता येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री तो मुलगा एकटा बसत नसे. त्याच्याजवळ दुसरा कुणीतरी बसवलेला असायचा, आणि का बसवलं याची वाच्यता कुठेही नसायची.

त्या काळचा मॅनेजर असा असायचा. लग्नघरात जिच्या कमरेला किल्ल्या, तिला भांडारात काय आहे आणि कोण रुसलंय हे दोन्ही माहीत असतं, तसं त्याला माहीत असायचं. ही माहिती त्यानं चालून, थांबून, ऐकून मिळवलेली असायची. कंपनीत त्याचं वजन होतं ते त्याच माहितीमुळे.

आणि ती माहिती तो खर्चही करायचा. रात्री साडेआठला, म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यातले सकाळचे दहा वाजले की, अमेरिकेतल्या विमा कंपनीशी कॉन्फरन्स कॉल लागायचा. वाय-टू-केचे दिवस. कोबोल प्रोग्रॅममधल्या दोन आकडी वर्षांची चार आकडी करण्याचं काम, आणि ३१ डिसेंबर १९९९ ही मुदत जगात कुणालाही पुढे ढकलता येणार नव्हती. एकदा काम मागे पडलं तेव्हा वरून आणखी पाच माणसं देण्याची तयारी दाखवली गेली. सरांनी ती नाकारली. त्यांच्या टेबलावर फ्रेडरिक ब्रूक्स यांचं १९७५चं 'द मिथिकल मॅन-मंथ' कायम असायचं. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचा कारभार पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं ते पुस्तक. सरांनी आम्हाला फळ्यावर आकडे मांडून दाखवले: पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात दहा, दहा माणसांत पंचेचाळीस. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जाणार आणि एवढ्या जोड्यांमध्ये बोलणंही वाढणार. मग फोनवर त्यांनी क्लायंटला सांगितलं, अंदाज माझा होता, तो कमी पडला. आम्ही सगळे त्या खोलीत होतो. अंदाज आमचा होता.

त्या दिवसांची आठवण मला प्रिय आहे, पण ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मला वाटत नाही. रात्री नऊपर्यंत बसणं हीच निष्ठा समजली जायची. पाळणाघरातून मुलाला आणायचं आहे म्हणून सहाला उठणाऱ्या बाईकडे कसं पाहिलं जायचं, ते मी अनुभवलं आहे. क्लायंटशी बोलायचं ते मॅनेजरनं; ज्या पोरानं प्रोग्रॅम लिहिला त्यानं चिठ्ठी सरकवायची. सगळा प्रकल्प एका डोक्यात, त्यामुळे ते डोकं आठवडाभर तापानं घरी असलं की सगळं अडून बसायचं. सरांसारखे सगळे नव्हते. कित्येक मॅनेजरांनी तीच माहिती लोकांना धाकात ठेवायला वापरली.

म्हणून पुढे जे आलं त्याचं मी मनापासून स्वागत केलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. पुण्यात तो रुजायला काही वर्षं गेली. अजाइलच्या स्क्रम पद्धतीत प्रॉडक्ट ओनर आहे, स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर आहेत. प्रोजेक्ट मॅनेजर हे पदच नाही. पंधरा मिनिटांचं स्टँड-अप, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी क्लायंटसमोर डेमो, आणि डेमो देणार ज्यानं काम केलं तोच. वर्षभरापूर्वी रुजू झालेली लातूरची मुलगी लंडनच्या माणसाला स्वतःचं काम समजावून सांगताना मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझा ऊर भरून आला. आमच्या वेळी हे घडलंच नसतं.

भिंतीवरचा तक्ता जिरा या सॉफ्टवेअरमध्ये गेला. मग मार्च २०२०ची टाळेबंदी आली आणि भिंतही गेली. लोकांनी डेस्कटॉप गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून घरी नेले. कुणी कोल्हापूरला गेलं, कुणी नांदेडला, आणि त्यातले बरेच जण आजही तिथूनच काम करतात. आता तर बैठक संपायच्या आत एआय इतिवृत्त तयार करतं, कुणी काय कबूल केलं त्याची यादी काढतं, आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टचा मसुदा देतं, संभाव्य जोखमींचा तक्तासुद्धा मांडून देतं. ज्या कामांत सरांची सोमवारची अख्खी सकाळ जायची, ती मिनिटांत होतात. त्याचं मला दुःख नाही.

दुःख आहे ते त्या वाचलेल्या वेळाचं काय झालं याचं. सरांकडे एक प्रकल्प होता. आज आमच्याकडच्या एका तरुण मॅनेजरकडे तीन आहेत, कारण हिशेब असा की रिपोर्ट आता आपोआप होतात, मग तिला काम काय उरलं? चार वाजताची फेरी कुठल्याच हिशेबात कधी मांडली नव्हती, म्हणून ती गेली हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. स्टँड-अपला कॅमेरे बंद असतात. एकेक जण म्हणतो, "ऑन ट्रॅक." नव्वद टक्क्यांचंच हे नवं रूप, फक्त उरलेल्या दहात काय येतं ते विचारायला कुणाला सवड नाही. बोर्डवर तिकीट हिरवं होतं. तिकीट लिहिणाऱ्याचा आवाज उतरला होता का, हे बोर्डला कळत नाही आणि बैठकीच्या सारांशातही येत नाही. ज्यानं तोंडच उघडलं नाही त्याचं इतिवृत्त निघणार कसं?

या तरुण मॅनेजरनं स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. दर गुरुवारी दुपारनंतर ती टीममधल्या दोघातिघांना साधा फोन लावते. व्हिडिओ नाही, अजेंडा नाही, रेकॉर्डिंग नाही. एकदा तिनं नांदेडच्या मुलाला फोन केला. पंधरा मिनिटं त्याच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दलच बोलणं झालं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मॅडम, जुन्या पॉलिसींच्या काही तारखा नव्या सिस्टिममध्ये जुळत नाहीयेत. पण ते माझ्या तिकिटात येत नाही, म्हणून बोललो नाही."

तिनं त्याच संध्याकाळी दोन माणसं त्या तारखांवर बसवली. दुसऱ्या दिवशी क्लायंटला स्वतः फोन करून गो-लाइव्ह एक आठवडा पुढे नेलं. मुलाचं नाव त्या बोलण्यात कुठेही आलं नाही. सरांना तिनं कधी पाहिलेलं नाही, आणि मीही त्यांच्याबद्दल तिला तोवर काही सांगितलेलं नव्हतं.

आता तिला चौथा प्रकल्प देण्याचं घाटतंय, कारण तिचे तिन्ही बोर्ड हिरवे आहेत. पुढच्या आठवड्यातल्या वाटपाच्या बैठकीत मी त्याला विरोध करणार आहे. गुरुवारचे फोन टाइमशीटच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, ते तास ती स्वतःच्या वेळातून काढते. त्यांच्यासाठी वेगळा कोड द्यावा, असा अर्ज मी कंपनीच्या पीएमओकडे, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन कार्यालयाकडे पाठवला आहे, आणि मागितले आहेत आठवड्याला चार तास, प्रत्येक मॅनेजरला.