येणे बाकी

नात यंदा बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास करताना तिला समोर कोणीतरी ऐकायला लागतं, आणि आमच्या घरात रिकामं कोण, तर मी. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. नफा-तोटा म्हटलं की मला शाळेच्या गणितातला आंबेवाला आठवतो. शंभराला घेतले, एकशे वीसला विकले, वीस रुपये नफा. संपलं!

परवा तिने विचारलं, "आजी, नफ्यात चाललेला धंदा बंद का पडतो, सांग बघू."

मी म्हटलं, "पडेलच कसा? कोणीतरी पैसे खाल्ले असणार."

बोलून गेले आणि चरकले. हेच वाक्य मी 2013 साली माझ्याच मुलाला ऐकवलं होतं. आमच्या नातेवाईकांना हा विषय थोडाफार ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

मी 2010 मध्ये निवृत्त झाले. मुलगा तेव्हा बोईसरला नोकरी करत होता. तारापूर एमआयडीसीत एक गाळा भाड्याने मिळतोय, दोन लेथ टाकतो, मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देतो, असं त्याच्या मनात होतं. लेथसाठी बँकेने कर्ज दिलं. वरच्या खर्चासाठी मी पेन्शनचा काही भाग विकला. सरकारी भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात. दरमहा 4,000 रुपये सोडायचे, त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे आणि सोडलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. माझ्या हातात चार लाखांच्या आसपास आले. सुनेने दागिने मोडून दोन लाख दिले.

काम चांगलं मिळालं. महिन्याला माल, मजुरी, भाडं, हप्ता सगळं धरून दीड लाख खर्च आणि एक लाख ऐंशी हजारांचं बिल. म्हणजे तीस हजार नफा. मग मोठ्या कंपनीने काम दुप्पट केलं. आम्ही पेढे वाटले! आणि वर्षभरात गाळ्याला कुलूप लागलं.

"महिन्याला साठ हजार नफा म्हणतोस, मग माझे चार लाख गेले कुठे?" मी विचारलं होतं. तो म्हणाला, "आई, पैसे कंपनीकडे आहेत." मी म्हटलं, "म्हणजे नाहीतच ना? कोणीतरी खाल्ले असणार." त्यानंतर त्याने हा विषय घरात काढला नाही. लेथ विकून देणी भागवली आणि पुन्हा नोकरी धरली.

आता नातीने वहीत जे मांडलं ते बघा. माल आज दिला, पण पैसे चार महिन्यांनी येतात. पोलादवाला मात्र रोख मागतो आणि कामगाराला पगार सात तारखेला हवा. म्हणजे दर महिन्याचे दीड लाख असे चार महिने घालत राहायचे. सहा लाख अडकले. आमचे सहा लाख नेमके तिथे होते. काम दुप्पट झालं, अडकणारी रक्कम बारा लाख झाली. उरलेले सहा लाख कुठून आणणार? गहाण ठेवायला काही नसल्याने बँक आणखी देईना, म्हणून त्याने शेकडा दोनने बाहेरून उचलले. त्यात कंपनीने चारचे सहा महिने केले. आता अठरा लाख हवेत! वहीत नफा वाढतोय आणि गल्ला रिकामा. याला खेळतं भांडवल म्हणतात.

मला ते कळलं सातपाटीच्या बोटीवरून. तिथली पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून गेली. बोट लाखोंची असो, डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा यांचे पैसे आधी हातात नसतील, तर समुद्रात कितीही पापलेट असलं तरी बोट किनाऱ्यावरच राहते. त्याला कोणी आळशी कोळी म्हणत नाही. मी माझ्या मुलाला म्हटलं.

कायदा नव्हता असंही नाही. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो, की नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण ज्याच्याकडून पुढचं काम हवं, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आता 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकरात तरतूद केली आहे, की अशी बिलं मुदतीत दिली नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजा धरत नाहीत. माझ्या मुलाच्या वेळी तेवढंही नव्हतं.

पुढचा धडा होता पैशाच्या आजच्या किमतीचा. आठ टक्के व्याज धरलं तर वर्षाने मिळणारे 108 म्हणजे आजचे 100. उशिरा आलेला रुपया हा लहान झालेला रुपया. मी म्हटलं, "मग माझ्या पेन्शनचं गणित कर. मी फसले का ते तरी कळू दे."

तिने कॅल्क्युलेटर काढला. पंधरा वर्षांत मी 7 लाख 20 हजार सोडले. पण आठ टक्क्यांनी त्यांची सुरुवातीची किंमत चार लाख अठरा हजारांच्या आसपास निघते. "फसली नाहीस आजी, थोडंसंच कमी मिळालं." मग ती थांबली. "दर महिन्याला किती सोडलेस म्हणालीस?"

"चार हजार."

"बाबा तुझ्या खात्यात भरतात तेवढेच की!"

मी उठून पासबुकं काढली. 2014 पासून दर महिन्याला चार हजार. मी ते घरखर्चाचे समजत आले. बरोबर तोच आकडा आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. नातीच्या पुस्तकात लिहिलंय, की कुठलंच भांडवल फुकट नसतं, प्रत्येकाची काही किंमत असते. त्याने आईच्या भांडवलाचीही किंमत धरली होती, आणि तोंडाने एक अक्षर न बोलता ती भरत होता. 2025 मध्ये माझा तो भाग पुन्हा सुरू झाला, तरी त्याचे चार हजार थांबलेले नाहीत.

संध्याकाळी तो बोईसरहून आला. पायातले बूट काढत होता. मी म्हटलं, "तेव्हा पैसे कंपनीकडेच होते, नाही का रे?"

तो तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "हो आई." थोड्या वेळाने म्हणाला, "चहा टाकतेस?"

चहा टाकला. दुसरं काय करणार! बारा वर्षं उशिरा दिलेल्या शब्दाची आजची किंमत किती, हे नातीच्या पुस्तकात नाही. पण तुमच्याकडे कोणा लहान माणसाचं बिल पडून असेल, तर आजच देऊन टाका. आणि कोणाला "चूक माझी होती" म्हणायचं राहिलं असेल, तर तेही.