पन्नास हर्ट्झ

बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो गेल्या पावसाळ्यात, लॅपटॉपवर. आणि तो चुकीचा होता.

1991 मध्ये बाबा मस्कतला होते. आमच्या वाडीत तेव्हा फोन नव्हता. आखातात गेलेली माणसं कॅसेटवर बोलायची आणि गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती धाडायची. बाबांची अशी एकच कॅसेट आईच्या कपाटात, शालूच्या घडीत उरली होती. मी एक उसना प्लेयर आणला, स्वस्तातला कन्व्हर्टर मागवला आणि पहिली बाजू कॉम्प्युटरवर घेतली. दुसरी बाजू लावली आणि प्लेयरने फीत गिळली. बाहेर आली ती चुरगळून, तुटून. आता जे काही होतं ते त्या एका फाइलमध्ये.

पैसे पोचले का, विहिरीचं पाणी उतरलं का, छोटी बोलायला लागली का. बारीक, घाईघाईचा आवाज. तीन दिवस मी तो इयरफोनवर ऐकत फिरले. आई मात्र अर्ध्यातच म्हणाली, "हे असे नव्हते गं बोलत."

मला राग आला. "इतक्या वर्षांत तूच विसरली असशील," असं मी तिला म्हणालेही.

शंका आली ती वेळेवरून. साठ मिनिटांची कॅसेट एका बाजूला निदान तीस मिनिटं चालते. माझी फाइल शेवटच्या खटक्यासकट 28 मिनिटांत संपत होती. दोन मिनिटं गेली कुठे?

कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे सेकंदाला ठराविक वेळा घेतलेली मापं. सीडीला सेकंदाला 44,100, व्हिडिओला बहुधा 48,000. माझा कन्व्हर्टर 44,100 मापं देत असणार आणि सॉफ्टवेअर त्यांना 48,000 समजत असणार. मग वाजवताना प्रत्येक सेकंदात पुढच्या सेकंदाचा थोडा भाग ओढला जातो. वेग जवळपास नऊ टक्के वाढतो आणि आवाज पेटीवर दीड पट्टी वर चढतो. व्हॉट्सॲपवर आपण व्हॉइस नोट दीडपट वेगाने ऐकतो तेव्हा असं होत नाही. तिथे आवाजाचे बारीक तुकडे करून त्यातले काही गाळतात आणि उरलेले सांधतात, म्हणून माणूस घाईत वाटला तरी तोच वाटतो. माझ्या फाइलमध्ये माणूसच बदलला होता.

पण हा झाला तर्क. पडताळून पाहायला कॅसेट कुठे होती?

पुरावा सापडला तो बाबा बोलायचे थांबतात त्या जागांमध्ये. तिथे मागे एक बारीक गुणगुण होती. विजेची. बाबांचा टेपरेकॉर्डर भिंतीतल्या प्लगला लावलेला असणार. ओमानची वीजही आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. आणि मी कॅसेट घेतली त्या संध्याकाळी आमच्याकडे लाइट गेले होते. प्लेयर सेलवर होता, लॅपटॉप बॅटरीवर. म्हणजे ती गुणगुण आमच्या घरातली नव्हती. ती बाबांच्या खोलीतली होती.

ऑडॅसिटीमध्ये मी गप्प असलेला एक तुकडा निवडला आणि प्लॉट स्पेक्ट्रम उघडला. टोक 55 च्या जवळ. मग ट्रॅकच्या मेनूत जाऊन रेट 48,000 चा 44,100 केला. मापं तीच, फक्त ती वाजवायचा वेग बदलला. फाइल साडेतीस मिनिटांची झाली. टोक साडेपन्नासवर आलं.

प्ले केलं. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा एक माणूस विचारत होता, छोटी बोलायला लागली का. मी ओळखलं नाही. तीन दिवसांत माझे झालेले बाबा हे नव्हते.

अर्धा हर्ट्झ अजून उरला होता. एक टक्का. तो माझ्या उसन्या प्लेयरच्या मोटरचा, बाबांच्या टेपरेकॉर्डरचा, की त्या दिवशीच्या मस्कतच्या विजेचा, हे गुणगुणीवरून कळणार नव्हतं. तेवढंही काढून टाकावं का, म्हणून फाइल आईकडे नेली.

आई तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात सुपात थांबला. अख्खी बाजू संपेपर्यंत ती काही बोलली नाही.

"हेच," ती म्हणाली.

"अजून थोडं हळू करू का? अजूनही जरा घाईत वाटतायत."

"नको. घाईतच होते ते. एका खोलीत आठ जण राहायचे. बाकीच्यांना झोपायचं असायचं."

अर्धा हर्ट्झ मी तसाच ठेवला. आईला मी काय म्हणाले होते, त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, तीही मागितली. ती म्हणाली, "परत लाव."